घरच्या कर्मशाळेसाठी टेबल-करवतीची निवड

(समाजाच्या कोल्हापूर येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मेळाव्याच्या या व्यासपीठावरून गुणी विद्यार्थ्यांचे सत्कार व्हावेत, वधू-वरांची ओळख करून द्यावी, इमारत-निधीचा हिशेब वाचून दाखवावा, अशी आपली परंपरा आहे. तेथे एका यंत्राच्या खरेदीसंबंधी बोलण्यास एका सेवानिवृत्त शिक्षकास उभे करावे, याचे काही मंडळींस नवल वाटले असल्यास ते स्वाभाविकच आहे. परंतु कार्यकारी मंडळाने हा विषय विचारपूर्वक सुचविला, असे आमचे मत आहे. ज्यांच्या आजोबांनी हातातला रंधा खाली ठेवून मुलांना शाळेत घातले, त्यांचीच नातवंडे आज बँकेतून, कचेरीतून, कारखान्यातून घरी आल्यावर पुन्हा रंध्याकडे वळू लागली आहेत. कोणी पडवीत, कोणी गाडी ठेवण्याच्या जागेत, कोणी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत लहानशी कर्मशाळा थाटीत आहे. आणि या प्रत्येकाचा आम्हांस पहिला प्रश्न एकच असतो, "मास्तर, टेबल सॉ कुठली घेऊ?"

आम्ही काही यंत्रशास्त्र शिकलेलो नाही. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत लागलो आणि तेथूनच निवृत्त झालो. तथापि वडील बैलगाडीची चाके आणि कुळव-पाभर करणारे होते, त्यामुळे वाकस, पटाशी आणि गुण्या ही नावे आम्ही अक्षरओळखीच्या आधी शिकलो. आणि निवृत्तीनंतर परसातल्या पडवीत आमचीही एक करवत फिरते आहे. एवढाच आमचा अधिकार.

ज्यांचा आता या धंद्याशी संबंध उरलेला नाही, त्यांच्यासाठी यंत्राचे वर्णन प्रथम केले पाहिजे. एक सपाट टेबल, त्याच्या मध्यावरील चिरेतून वर आलेले गोल दातेरी पाते, आणि खाली विजेची मोटार. हातकरवतीत लाकूड स्थिर असते आणि करवत चालते; येथे करवत जागच्या जागी फिरते आणि लाकूड पुढे सरकवावयाचे असते. पात्याला समांतर अशी एक सरकती आडभिंत टेबलावर असते, तिला बाजारात फेन्स म्हणतात. फळी तिला टेकवून ढकलली की आठ फुटांची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच रुंदीची निघते. वडिलांना अशी एक पट्टी काढावयास दुसऱ्या टोकाला माणूस लागे आणि अर्धी सकाळ जाई.

आता थोडे गणित. ते शिकविण्याची आमची खोड अद्याप गेलेली नाही. दहा इंची पाते मिनिटास ४,५०० फेरे घेते असे धरू. त्याचा परीघ सुमारे ८० सेंटिमीटर. सेकंदाला ७५ फेरे, म्हणजे दात्याचा वेग सेकंदास ६० मीटर, ताशी सुमारे २१५ किलोमीटर झाला. काही विपरीत घडले हे डोळ्याने पाहून हात मागे घेण्यास माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्या अवधीत त्या जागेवरून १५ मीटर दाते निघून गेलेले असतात. हातकरवतीने जखम झाली तर हळद दाबून काम पुढे चाले. हे यंत्र जखम करीत नाही, अवयव नेते. अमेरिकेतील सरकारी ग्राहक-सुरक्षा आयोगाच्या अंदाजाप्रमाणे त्या देशात टेबल-करवतीच्या पात्याने दर वर्षी सुमारे ३०,००० माणसे जखमी होतात. आपल्या समाजाची मोजदाद करावयाची तर या सभागृहात सर्वांनी हात वर केले तरी पुरे. हजेरी घेण्यात आमची उभी हयात गेली. पण ती हजेरी आम्ही आज घेणार नाही.

आपल्याकडे सर्वांत अधिक चालणारी टेबल-करवत कोणत्याही दुकानात मिळत नाही, कारागीर ती स्वतः करतो. प्लायवूडचे एक टेबल ठोकावयाचे, त्याला चीर पाडावयाची, आणि फरशी कापण्याचा हातातला कटर उलटा करून खालून आवळावयाचा. फरशीचे पाते काढून त्या जागी लाकडाचे दातेरी पाते बसविले की काम सुरू. बाजूला एक सरळ पट्टी शिकंज्याने धरली की तीच फेन्स. थोड्या पैशांत होणारी ही युक्ती आहे आणि तिच्यात हुशारी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. घरोघरची स्वयंपाकघरे आणि कपाटे याच टेबलांवर झाली आहेत. परंतु तो कटर मिनिटास बारा-तेरा हजार फेरे घेणारा, दगडासाठी घडविलेला. दगडाच्या पात्याला दाते नसतात, ते घासत जाते. लाकडाचे पाते चावते. शिवाय उलट्या कटरवरचे झाकण कारागीर काढून टाकतो, आणि पात्याच्या मागे जी वस्तू असावयास हवी ती तेथे नसतेच.

त्या वस्तूविषयी सविस्तर बोलले पाहिजे. आमच्या एका पुतण्याचे तर्जनीचे बोट अशाच एका टेबलावर गेले. तो नवशिका नव्हता आणि घाईतही नव्हता. अर्धी पट्टी कापून झाली असता तिचे मागचे दोन भाग एकमेकांकडे मिटले आणि पात्यावर आवळले गेले. पात्याचे पुढचे दाते लाकूड खाली दाबतात, हे सर्वांस दिसते. मागचे दाते वर येत असतात, हे ध्यानात राहत नाही. आवळलेली पट्टी त्या मागच्या दात्यांनी उचलली, कापणाऱ्याच्या अंगावर फेकली, आणि ती धरावयास हात आपसूक पुढे गेला. घरच्यांनी पुढे ते टेबल फोडून बंबात घातले.

यावरचा उपाय म्हणजे पात्याच्या मागे, दात्यांपासून काही मिलिमीटर अंतरावर उभी राहणारी पोलादाची एक चपटी पट्टी. तिला रायव्हिंग नाईफ म्हणतात. कापलेले दोन भाग मिटू लागले तर ते या पट्टीवर मिटतात, पात्यावर नव्हे. पाते वर-खाली केले की तीही बरोबर वर-खाली होते. तिची जाडी पात्याच्या पत्र्याहून किंचित अधिक आणि दात्यांनी पाडलेल्या चिरेहून किंचित कमी असावी लागते. म्हणून पाते बदलताना फार पातळ चिरेचे पाते आणले तर लाकूड तिच्यावर अडकते, आणि मग माणूस पाते बदलण्याऐवजी पट्टीच काढून फेकतो. आमचा निर्णय स्पष्ट आहे. ज्या करवतीला ही पट्टी नाही, ती फुकट मिळाली तरी घरात आणू नये. मोटारीची शक्ती, टेबलाचा आकार, कंपनीचे नाव हे सर्व विचार त्यानंतरचे.

दुसरा मार्ग स्थानिक बनावटीच्या यंत्राचा. कोल्हापूरकरास तो मोह पडणे साहजिक आहे. बिडाचा जाड टेबलटॉप, कोनी लोखंडाचा सांगाडा, दोन अश्वशक्तीची इंडक्शन मोटार आणि पट्टा, असे यंत्र आपल्याकडे घडवून मिळू शकते. वजनामुळे ते थरथरत नाही, आवाज कमी करते, आणि मोटार बिघडली तर गल्लीतला वाइंडर ती भरून देतो. पेठेत, जेथे दोन घरांची भिंत एकच असते, तेथे आवाजाचा मुद्दा लहान नव्हे; शेजारधर्म रात्री आठनंतर फार नाजूक होतो. परंतु अशा यंत्राला रायव्हिंग नाईफ आणि झाकण सहसा नसते. ती मागून, पैसे देऊन, पात्याबरोबर वर-खाली होईल अशी करून घ्यावी लागते आणि कारागिराने ते मनावर घ्यावे लागते. पुलीचा हिशेबही आपणच ताडून पाहावा. मोटार २,८८० फेऱ्यांची, तिच्यावर चार इंची पुली आणि पात्याच्या दांड्यावर तीन इंची, तर पाते ३,८४० फेरे घेईल. पात्यावर कमाल फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. त्याच्या आत राहावे. वेग वाढविण्यासाठी लहान पुली बसविणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत.

तिसरा मार्ग कंपन्यांच्या सुट्या, उचलून नेता येणाऱ्या टेबल-करवतींचा. बॉश, मकिता, डीवॉल्ट ही नावे आता हार्डवेअरच्या दुकानातून सर्वांच्या तोंडी आहेत. टेबल ॲल्युमिनियमचे, मोटार ब्रशची, आवाज कर्कश, आणि किंमत उलट्या कटरच्या कितीतरी पट. तथापि झाकण, रायव्हिंग नाईफ आणि बरी फेन्स ही तिन्ही अंगे यंत्राबरोबर येतात. ज्याला आठवड्यातून एक-दोन दिवस काम करावयाचे आहे आणि यंत्रे घडवून घेण्याचा अनुभव नाही, त्याने हाच मार्ग धरावा, असे आम्ही सांगतो. ज्याचा रोजचा धंदा आहे आणि जागा पक्की आहे, त्याने बिडाचे टेबल घ्यावे. मात्र वर सांगितलेली पट्टी करून घेतल्यावाचून ते चालू करू नये.

दुकानात गेल्यावर काय पाहावे? खिशात पोलादी पट्टी आणि हातात गुण्या घेऊन जावे. दुकानदार हसला तर हसू द्यावे. फेन्स पात्यापासून दहा सेंटिमीटरवर आणून आवळावी आणि पात्याच्या पुढच्या कडेशी व मागच्या कडेशी अंतर मोजावे. मोजताना पाते हाताने फिरवून तोच एक दाता पुढे-मागे आणावा, म्हणजे पात्याचा वाकडेपणा फेन्सच्या माथी बसत नाही. अर्थात यंत्राचा प्लग तेव्हा काढलेला असावा. दोन्ही मापे एक आली पाहिजेत. फेन्सचे मागचे टोक पात्याकडे झुकलेले असेल तर लाकूड पाचरीसारखे अडकते आणि मघाशी सांगितलेला प्रकार घडतो. फेन्स सैल करून पुन्हा आवळावी व पुन्हा मोजावे. असे चार वेळा करावे. प्रत्येक वेळी वेगळे माप येत असेल तर ते यंत्र दुकानातच राहू द्यावे.

मापाचा हा आग्रह आपल्या गावास नवा नाही. कोल्हापूरच्या ओतकामाच्या कारखान्यांचा पाया लाकडाच्या पॅटर्नवर घातला गेला, आणि ते पॅटर्न सुतारांच्या हातचे होते. बिडाचे ओतकाम थंड होताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसते. म्हणून पॅटर्न तेवढ्या प्रमाणात मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी वाढीव खुणांची वेगळी पट्टी वापरतात. ज्या कारागिराने अशा पट्टीवर इंजिनाच्या भागांचे पॅटर्न केले, त्याच्या नातवाने फेन्स न मोजता करवत घ्यावी, हे शोभत नाही. आणि याच गावात बाबूराव पेंटर, मूळचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री, यांनी चलच्चित्राचा कॅमेरा घरी घडविला. आनंदराव यांच्यासह त्यांनी हे काम आरंभिले. आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले, आणि १९१८ मध्ये दामल्यांच्या साहाय्याने बाबूरावांनी ते पुरे केले. १९२० सालचा 'सैरंध्री' हा त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा चित्रपट होय. परदेशी यंत्रास ते भ्याले नाहीत, की त्याला त्यांनी हळदकुंकूही वाहिले नाही; त्यांनी ते समजून घेतले. करवत घेताना तीही आडवी करून खालून पाहावी. पाते वर-खाली करणारा आटा, मोटार धरणारे बोल्ट, भुसा बाहेर जाण्याची वाट, हे सर्व तेथेच दिसते.

आकाराविषयी थोडक्यात. दहा इंची पाते सरळ कापताना सुमारे ७५ ते ८० मिलिमीटर आणि ४५ अंशांत तिरके करून पन्नास-पंचावन्न मिलिमीटर जाडी कापते. चौकटी आणि खाटांचे पाय यांना तेवढे पुरते. आठ फूट बाय चार फूट प्लायवूड मधोमध फाडावयाचे तर फेन्स पात्यापासून दोन फूट दूर जावयास हवी. ती जाते का, हे विचारावे. परंतु १८-१९ मिलिमीटरचे असे अखंड प्लायवूड तीस-पस्तीस किलो भरते, आणि ते लहान टेबलावर एकट्याने ढकलणे आम्हांस पसंत नाही. वखारीतूनच दोन तुकडे करून आणावे, अथवा मागे तेवढ्याच उंचीचे दुसरे टेबल मांडावे. गोल ओंडका तर या यंत्रावर कदापि घेऊ नये. ज्याला एकही सपाट बाजू नाही ते लाकूड टेबलावर लोळते. ते काम सॉ मिलचे.

यंत्रासोबत मिळणारे पाते सर्व कामांना चालत नाही. शिरेच्या दिशेने सागवान फाडावयास सुमारे २४ दात्यांचे, प्लायवूडसाठी ६० किंवा अधिक दात्यांचे, आणि एकच ठेवावयाचे असल्यास ४० दात्यांचे घ्यावे. जुन्या वाड्यांचे सागवान आपल्याकडे विक्रीस येते, आणि त्यासारखे लाकूड आता नव्याने मिळणे कठीण. पण त्याच्या पोटात शंभर वर्षांचे खिळे असतात. कापण्यापूर्वी सर्व बाजूंनी लोहचुंबक फिरवावा.

विजेचा विचार घरोघरी राहून जातो. १,८०० वॅटची मोटार २३० व्होल्टवर सुमारे आठ अँपिअर घेते, आणि सुरू होताना त्याहून पुष्कळ अधिक. पंख्याच्या प्लगवर लांबच लांब वायर जोडून ती चालवू नये. १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, अर्थिंग आणि गळतीचा करंट तोडणारा स्विच बसवून घ्यावा. आणखी एक गोष्ट. काम चालू असता वीज गेली, आपण पाते पुसावयास हात घातला, आणि वीज परत आली, तर काय होईल? ज्या स्विचमध्ये वीज गेल्यावर यंत्र आपोआप बंदच राहते आणि हिरवे बटण पुन्हा दाबल्यावाचून सुरू होत नाही, तो स्विच हवा. दुकानात प्लग काढून, पुन्हा लावून, याची प्रत्यक्ष परीक्षा घ्यावी. अमेरिकेतील स्टीव्ह गॅस नावाच्या गृहस्थांनी १९९९ मध्ये याच्या पुढची मजल मारली. पात्यास त्वचा लागताच विजेच्या सूक्ष्म बदलावरून ते ओळखून सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागात पाते थांबविणारी करवत त्यांनी शोधून काढली. ती आपल्या गावच्या दुकानात सहज मिळेल असे नाही. तोवर लाकूड ढकलण्यास हाताऐवजी काठी वापरावी. ती आपण सुतार मंडळी पाच मिनिटांत करू शकतो. पात्याच्या सरळ रेषेत उभे राहू नये. हातमोजे, मफलर, सैल बाही, पदर यांना पात्याजवळ जागा नाही.

भुश्याविषयी आपण फार बेफिकीर आहोत. लाकडाची धूळ नाकातील कर्करोगास कारण होते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये दिलेला आहे. यंत्राच्या मागे नळी जोडण्याचे तोंड असावे, आणि नाकावर चांगला मास्क असावा. खोकणाऱ्या सुतारास आपण "भुसा लागला" म्हणून सोडून देतो, ते पुरे झाले.

पैशांसंबंधी प्रश्न येईलच. ज्यांची उपजीविका हत्याराने चालणाऱ्या सुतारकामावर आहे, त्यांच्यासाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख व पुढे २ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज, अशी तरतूद आहे. एका कुटुंबातील एकासच तिचा लाभ होतो, आणि सरकारी नोकराच्या घरास होत नाही. म्हणजे हौस म्हणून करणाऱ्यांनी त्या रांगेत उभे राहू नये. पंधरा हजारांत चांगली टेबल-करवत येत नाही, हेही सांगून ठेवतो. त्या पैशांत उत्तम हातहत्यारे घ्यावीत आणि करवतीसाठी वर्षभर थांबावे.

भगिनींना एक विनंती आहे. घरात एवढी रक्कम निघते तेव्हा ती तुमच्या संमतीवाचून निघत नाही, असा आमचा अनुभव आहे. खरेदीच्या दिवशी बरोबर जावे, आणि पात्यामागची पट्टी कोठे आहे ते बोट दाखवून विचारावे. "ती सगळेच काढून टाकतात," असे उत्तर आले तर पिशवी उचलून पुढच्या दुकानात जावे. काही घरांत करवतीपुढे उभी राहणारी तुमची मुलगीच असेल. आमच्या एका भाचीचा हात आज आमच्यापेक्षा सरळ चालतो.

शेवटचा मुद्दा केवळ कोल्हापूरकरांसाठी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी ज्यांच्या घरात शिरले, त्यांनी यंत्राचे वजन विचारल्यावाचून ते घेऊ नये. दोन माणसांनी माळ्यावर चढविता येईल असेच यंत्र त्या भागात ठेवावे. पाण्यात बुडालेली मोटार वाळवून लगेच सुरू करू नये, आधी वाइंडरला दाखवावी. पूर आला नाही तरी पावसाळ्यात बिडाच्या टेबलावर तांबूस गंज धरतो. मृगापूर्वी त्यावर मेण चोळून ठेवावे.

कार्यकारी मंडळापुढे आमची एक सूचना आहे. समाजाच्या कार्यालयात एक मीटरभर लांबीची अचूक पोलादी पट्टी, एक चांगला गुण्या आणि एक लोहचुंबक ठेवावा, आणि नवे यंत्र घेणाऱ्या कोणाही सभासदास ते आठ दिवस नेण्यास द्यावे. नोंदवही ठेवण्याचे काम आम्ही करू. आमची करवत ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी रविवारी सकाळी दहानंतर यावे. त्यापूर्वी शेजारी झोपलेले असतात.